काट्यावरचे दोन सेकंद

दंगल कुणी भडकावली, असं गावात विचारलं तर दहा माणसं दहा नावं सांगतात, आणि त्याच दहा जणांना कोर्टात उभं केलं की त्यांना आपण त्या दिवशी गावात होतो की नाही हेसुद्धा आठवत नाही. त्यामुळे चिथावणीचा गुन्हा कागदावर होता, शिक्षा मात्र फारशी कुणाला होत नसे. अमुक माणूस अमुक बोलला, हे व्हिडिओवर दिसायचं. त्या बोलण्याने काय होईल हे त्याला ठाऊक होतं, हेही ओढूनताणून दाखवता यायचं. पण गाडी अडायची ती पुढे. तो बोलला आणि दगड पडला, एवढं सगळ्यांना मान्य. तो बोलला म्हणूनच दगड पडला, हे कोण सिद्ध करणार? बचावाचा वकील शांतपणे म्हणायचा, ‘साहेब, दगड तसाही पडलाच असता.’ आणि आरोपी सुटायचा.

‘उगम’ नावाची यंत्रणा आली आणि वकिलांचं हे हक्काचं वाक्य गेलं.

उगमची कल्पना साथीच्या रोगांवरून घेतलेली. एका वस्तीत ताप पसरला की आधी कोण आजारी पडला, त्याच्यापासून कुणाला झाला, असा माग काढत जातात, तसाच माग उगम रागाचा काढते. कॅमेरे, मोबाइलमधले माइक, मनगटावरच्या घड्याळांनी मोजलेले हृदयाचे ठोके, या सगळ्यांतून ती त्या दिवसाची गर्दी संगणकात पुन्हा उभी करते, माणसागणिक. मग तीतून एकेक आवाज वगळायचा आणि तोच दिवस पुन्हा चालवून बघायचा. एकदा नाही, दहा हजार वेळा. अमक्याचा आवाज वगळला आणि दहा हजारांतल्या नऊ हजार वेळा दंगल झालीच नाही, तर तो आवाज म्हणजे उगम.

कायदाही पाठोपाठ बदलला. उगम ऐंशी टक्क्यांच्या वर सिद्ध झाला तर चिथावणाऱ्याला दहा वर्षं, आणि बाकीचे ‘वाहक’ धरायचे, म्हणजे ताप लागलेले लोक. त्यांनी चांगल्या वागणुकीची हमी लिहून द्यायची आणि घरी जायचं. उगम सिद्ध झाला नाही, तर मात्र ज्याने जे केलं ते त्याचं त्याने भोगायचं.

विभा सरोदे विभागीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ही यंत्रणा चालवायची. वय अडतीस, बोलणं बेताचं, सही सुरेख. एकेचाळीस खटल्यांत तिने साक्ष दिली होती आणि एकेचाळीसही वेळा शिक्षा झाली होती. बेचाळिसावा खटला कासारवेढे बाजार समितीचा होता.

प्रकरण सरळ होतं. समितीने पोती उचलणारी यंत्रं मागवली होती. ती घेऊन छोटा ट्रक आवारात आला, वजनकाट्यावर उभा राहिला आणि हमालांनी त्याला घेराव घातला. तासभर घोषणा झाल्या. मग तेवीस हमालांनी ट्रकच्या एका अंगाला खांदे लावून तो उलटवला. पलीकडच्या बाजूला काट्याचा कारकून अरविंद गायधनी वजनाची पावती हातात घेऊन उभा होता. तो जागीच गेला. ट्रक आडवा झालेला बघून मागच्या गर्दीने मनात येईल ते पेटवलं, अकरा गाळे आणि समितीचं कार्यालय जळालं.

ट्रक उलटण्याआधी चार सेकंद एक आवाज स्पष्ट ऐकू येत होता. ‘हांऽऽ... घे!’ हा आवाज हमालांचे मुकादम तुळशीराम ढोबळे यांचा. वय सदुसष्ट, तीस वर्षांची मुकादमी, आवारात सगळे त्यांना अण्णा म्हणत. विभाने तो आवाज वगळून दिवस दहा हजार वेळा चालवला. आकडा आला चौऱ्याण्णव टक्के. तेवीस जणांचे जबाबही तेच सांगत होते, अगदी शब्दाला शब्द लावून: अण्णांची हाक आली आणि आम्ही हललो.

“पेढे मागवू का आत्ताच?” सरकारी वकील मिराशी फोनवर म्हणाले.

“अहवालावर सही झाल्यावर मागवा,” विभा म्हणाली.

सही करायला खरं तर काहीच हरकत नव्हती. पण त्या हाकेत तिचं मन अडकलं होतं. तिचे वडील, आबा, चाळीस वर्षं दुसऱ्या एका गावच्या बाजारात हमाली करत होते. आता पाठीला बाक आलेला, मुलीकडे राहायचे आणि दिवसभर रेडिओ ऐकायचे. लहानपणी शाळेतून डबा घेऊन ती बाजारात जायची तेव्हा असलीच हाक कानावर यायची. रविवारी सकाळी तिने एक गोष्ट केली, जी नियमात बसत नव्हती. खटल्याचं ध्वनिमुद्रण घरी आणलं आणि आबांना ऐकवलं.

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. “पुन्हा लाव.”

तिने पुन्हा लावलं.

“हाक उशिरा आलीय,” आबा म्हणाले.

“कशाला उशिरा?”

“अगं, ओझं आधीच घेतलंय त्यांनी. हाकेच्या आधी ऐक की जरा, दम कोंडलेत सगळ्यांचे. एकजण हूं म्हणतोय बघ बारीक. तो तळाचा गडी.”

मग त्यांनी तिला जे सांगितलं ते उगमच्या कुठल्याही कागदात नव्हतं. जड नग उचलताना मुकादम आपल्या मनाने हाक देत नाही. सगळ्यांत वाईट जागी जो असतो, म्हणजे ज्याच्यावर नग घसरला तर आधी तो जाणार, तो तळाचा गडी. तो नीट बसला, अंगावर भार घेतला, की घशातून हुंकार देतो. तो ऐकल्यावरच मुकादमाने हाक द्यायची. हाकेचं काम एवढंच, की सगळ्यांचा जोर एका क्षणी लागावा. जोर मागंपुढं झाला तर कुणाची कंबर जाते, कुणाचा हात.

“म्हणजे हाकेने माणसं हलत नाहीत?”

“माणसं हललेली असतात, म्हणून हाक येते. बत्तीस वर्षं मी तळाला होतो, मला नको शिकवू.”

विभाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. उगम आवाजाच्या उंचीवर चालते. बारीक हुंकार तिच्या लेखी गोंगाट होता, आणि तेवीस माणसांचे कोंडलेले दम म्हणजे तर काहीच नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या कानावर कोर्ट चालत नाही. हललेली माणसं दाखवायची तर दुसरा काहीतरी पुरावा हवा होता, आणि तो कुठे असेल हे तिला संध्याकाळपर्यंत सुचलं. ट्रक वजनकाट्यावर उभा होता.

सोमवारी ती कासारवेढ्याला गेली. कार्यालय जळालं होतं, पण काट्याची नोंद जमिनीखालच्या पेटीत राहते आणि ती पेटी शाबूत होती. काटा दर सेकंदाला दहा वेळा वजन लिहितो. तेवीसही जण काट्याच्या पाटाबाहेर उभे होते, त्यामुळे त्यांनी ट्रकला खांदा लावून जेवढा भार वर घेतला, तेवढं पाटावरचं वजन कमी होत जाणार. तिने नोंद उघडली. चार हजार आठशे चाळीस किलो, तासभर तेच. मग चार हजार सहाशे नव्वद. चार हजार तीनशे. तीन हजार आठशे. आणि मग, ट्रक पाटाबाहेर कोसळला तसं, शून्याकडे.

काट्याचं घड्याळ आणि मोबाइलची घड्याळं जुळत नव्हती, पण ट्रक पडल्याचा आवाज आणि पाटावरचं शून्य एकाच क्षणाचं. तिथून मागे मोजायचं. हाक ट्रक पडण्याच्या चार सेकंद आधी. वजन कमी व्हायला सुरुवात सहा सेकंद आधी. दोन सेकंद तेवीस माणसांनी एक टन भार अंगावर घेतलेला होता आणि तुळशीराम ढोबळे अजून गप्पच होते.

आबांचं बरोबर होतं. विभाला आनंद झाला, आणि पाटावरून खाली उतरेपर्यंत तो ओसरलाही. हाक उगम नाही म्हटल्यावर उगमच नाही. उगम नाही तर वाहक नाहीत. गायधनीचा जीव तेवीस जणांच्या डोक्यावर.

हाकेचा नमुना घ्यायला तिला कारागृहात जायचंच होतं. भेटीच्या खोलीत तिने यंत्राची पेटी टेबलावर ठेवली. अण्णा बघत होते. अंगाने बारीक, मिशा पांढऱ्या, गळ्याजवळ शिरा फुगलेल्या.

“हमालाच्या घरातल्या दिसता, बाई,” ते म्हणाले.

“कशावरून?”

“पेटी गुडघ्यातून उचलली तुम्ही. शिकलेली माणसं कमरेतून उचलतात.”

विभाने नमुना घेतला, यंत्र बंद केलं आणि मग विचारलं, “अण्णा, त्यांनी आधी खांदा लावला ना? तुमची हाक नंतरची आहे.”

अण्णांनी पेटीकडे बघितलं. “कुणी सांगितलं?”

“काट्याने.”

“गायधनीचा काटा होय,” अण्णा म्हणाले. “फार जपायचा तो काट्याला. रोज सकाळी स्वतः झाडायचा.” त्यांनी डोळे पुसले आणि लपवलेही नाहीत. “तो पलीकडे उभा आहे हे कुणालाच दिसलं नाही. मी घसा फुटेस्तोवर सांगत होतो त्यांना, की यंत्रं परत पाठवायला लावू, मी बोलतो, तुम्ही हात लावू नका. तेवढ्यात भिवाचा हुंकार ऐकला. भिवा लोखंडे, पुढच्या चाकाशी होता. वळून बघतो तर ट्रक एका अंगाने उचललेला. मी गप्प बसलो असतो तर तो पुन्हा त्यांच्याच अंगावर येत होता. पाच-सहाजण तरी गेले असते. मी इतक्या वर्षांचा मुकादम. हुंकार आला की हाक जाते.”

“मग हे कोर्टात सांगा.”

“जबाब मीच लिहवून घेतलेत त्यांच्याकडून. सगळ्यांनी एकच सांगायचं, अण्णांनी हाक दिली. त्यांत निम्म्यांची पोरं शाळेत आहेत, बाई. माझं काय, बायको गेली, मुलगी नांदते आहे. तुम्हाला हात जोडतो, काट्याचं काढू नका.”

“दहा वर्षं शिक्षा आहे, अण्णा.”

“मोजायला येतं मला,” अण्णा म्हणाले.

घरी तिने आबांना सांगितलं. आबांनी रेडिओ बंद केला, हे विशेष. “मुकादमाला ओझं घ्यायचंय, तर घेऊ दे.”

“मी खोटं बोलू?”

“खोटं कोण बोल म्हणतंय? गप्प राहा.”

“एकेचाळीस लोक आत आहेत, आबा. माझ्या सहीने. त्यांतही कुणाची हाक उशिरा आली असेल.”

“ते त्यांचं. हा मुकादम स्वतःच्या तोंडानं मागतोय तुझ्याकडं,” आबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

मिराशींना तिने काट्याची नोंद दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, नीट घडी घातली आणि तिच्याच हातात परत दिली. “हे फाइलमध्ये नाही,” ते म्हणाले. “पोलिसांनी जप्त केलेलं नाही. तुम्हाला कुणी विचारणार नाही. आणि विभाताई, हे निघालं ना, तर एकेचाळीस अपिलं येतील उद्या. तुमचं माझं जाऊ द्या, उगमवर पुन्हा कुणी विश्वास ठेवील का?” माणूस वाईट नव्हता. त्याच्या मते दंगली कमी झाल्या होत्या, आणि ते खरंही होतं.

साक्षीच्या दिवशी सत्र न्यायालयाचं दालन भरलं होतं. न्यायाधीश श्रीमती नाफडे. आरोपीच्या पिंजऱ्यात अण्णा, धुतलेल्या टोपीत. मागच्या तीन बाकांवर तेवीस हमाल, सरकारी साक्षीदार म्हणून बोलावलेले, हात मांडीवर ठेवून बसलेले. विभाने उगमचा निष्कर्ष सांगितला. चौऱ्याण्णव टक्के. आपण ते कोरडेपणाने सांगू शकतो याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

बचावाच्या वकील रेवती परदेशी. सरकारनेच नेमून दिलेल्या, ही त्यांची तिसरी केस. त्यांच्याजवळ उलटतपासणीचा छापील नमुना होता आणि त्या त्यातले प्रश्न क्रमाने विचारत होत्या. शेवटचा प्रश्न विभाला तोंडपाठ होता. एकेचाळीस वेळा तिने त्याचं उत्तर दिलं होतं.

“यंत्रणेत न घातलेली, पण तुमच्या माहितीत असलेली एखादी नोंद आहे का?”

विभाने अण्णांकडे बघितलं. त्यांनी मान किंचित हलवली, नको म्हणून. तिने घरून निघताना काहीच ठरवलं नव्हतं. गप्प राहायचं तर इथे ‘नाही’ म्हणावं लागत होतं, आणि गप्प राहणं आणि ‘नाही’ म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आबांना कळलं नव्हतं.

“आहे,” ती म्हणाली.

रेवती परदेशी पुढचा कागद उचलत होत्या, त्या तशाच थांबल्या. विभाने काट्याची नोंद पुढे केली आणि सगळं सांगितलं. हुंकार, हाक, दोन सेकंद. मिराशी हरकत घ्यायला उठले आणि कशावर घ्यायची ते न सुचून खाली बसले.

न्यायाधीशांनी आकडे दोन-तीनदा पाहिले. “म्हणजे ट्रक उचलायला सुरुवात आरोपीच्या सांगण्यावरून झाली नाही, असं तुमचं म्हणणं. मग कुणी केली?”

“नोंदीवरून नाव सांगता येत नाही. भार आधी उचलला गेला होता, इतकंच.”

नाफडेबाईंनी चष्मा काढला आणि मागच्या बाकांकडे बघून त्या सावकाश बोलल्या, की स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कायदा कुणावरही करत नाही, तेव्हा कुणी काही बोलावं अशी न्यायालयाची अपेक्षा नाही.

विभाला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही. या तेवीस जणांना आता पुन्हा घरी जाता येईल की नाही, हे तिच्या एका शब्दाने बदललं होतं.

मग शेवटच्या बाकाच्या टोकाला कुणीतरी घशातून बारीक हुंकारलं. भिवा लोखंडे उभा राहिला होता. रुंद, काळा, मान खाली घातलेला. त्याच्या शेजारचा उठला. त्याच्या पलीकडचा उठला.

“बसा खाली,” अण्णा म्हणाले. “भिवा, बस. बसा रे सगळे.”

कुणी बसलं नाही. तीस वर्षांत त्यांनी मुकादमाचं ऐकलं नाही, अशी ही पहिली वेळ. दुसरी म्हणावी लागेल, पहिली काट्यावरची. बाकं कुरकुरत गेली आणि शेवटी तेवीसही जण उभे होते, खांद्याला खांदा लावून, कारण तीन बाकांत तेवढीच जागा होती.

“गायधनी आमच्या हातून गेला, साहेब,” भिवा म्हणाला. “अण्णांनी आम्हाला वाचवलं फक्त.”

अण्णांनी पिंजऱ्याच्या कठड्याला धरलं. ते रडत होते. आणि मग हलक्या आवाजात, समोरच्या चपराशालाही धड ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या, त्यांनी हाक दिली. “हांऽऽ... घे.” उचललेलं ओझं हाकेशिवाय सोडायचं नसतं.

चिथावणीच्या आरोपातून तुळशीराम ढोबळे सुटले. तेवीस जणांवर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा आणि दंग्यात सामील झाल्याचा खटला चालला, आपणहून कबुली दिल्यामुळे तीन-तीन वर्षं झाली. ट्रक उलटवतानाची शेवटची हाक माझी होती, तीही मोजा, असा अर्ज अण्णांनी स्वतः दिला. न्यायालयाने तो मान्य केला, आणि यादीत चोविसावं नाव त्यांचं लागलं. एकेचाळीस अपिलं दाखल झाली. आबा पुन्हा बोलू लागले, पण कासारवेढ्याविषयी नाही.

महिन्याभराने विभाच्या टेबलावर एक अहवाल आला. मोठ्या न्यायदालनांतही उगम बसवलेली असते, कुठे एकदम गडबड झाली की ती आपोआप हिशोब मांडते. तेवीस माणसं एका मिनिटात उठून उभी राहिली, ही यंत्रणेच्या लेखी गडबडच. विभाने अहवाल उघडला.

‘उगम: साक्षीदार क्रमांक चार, विभा सरोदे. शब्द: आहे. शक्यता ९१ टक्के.’

तिने तो दोनदा वाचला. तिचा शब्द वगळून यंत्रणेने ती दुपार दहा हजार वेळा चालवली होती. नऊ हजार शंभर वेळा तेवीस जण बाकांवर बसून राहिले, अण्णा दहा वर्षांसाठी आत गेले, आणि बाकीचे आपापल्या घरी. उरलेल्या नऊशे वेळा मात्र ते तिच्याशिवायही उठले होते. भिवा हुंकारला होता आणि बाकीचे त्याच्यामागोमाग उठले होते. त्या नऊशे दुपारी ती पडद्यावर एकेक करून बघत बसली, जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी.

मग ती मुळातल्या दुपारकडे वळली. साक्ष द्यायला ती उभी राहिली तेव्हा त्या माणसांनी भार आधीच अंगावर घेतला होता का? हात मांडीवर होते, माना खाली होत्या. आकड्यांतून ते कळायला मार्ग नव्हता.

अहवालाच्या तळाशी शेऱ्याचा रकाना होता. त्यात ती आजवर नेहमी ‘मान्य’ एवढंच लिहीत आली होती. तिने पेन उचललं, लिहिलं, ‘वजनकाटा उपलब्ध नाही’, आणि खाली आपली सुरेख सही केली.